घोडा का हरला? काकांच्या सोमवारच्या व्हॉइस नोट्स, अख्खा पुणे सीझन ऐकून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, ही टिप्स देणारी सर्व्हिस नाहीये. कुठला घोडा लागणार हे काका सांगत नाहीत, कुणी विचारलंच तर विषय बदलतात. ते सांगतात हरलेल्या घोड्यांबद्दल. म्हणजे रविवारी रिंगमध्ये (बुकी बसतात तिथे) ज्याच्यावर सगळ्यांचे पैसे होते, जो जीव तोडून पळणार असं प्रत्येक जण छाती ठोकून सांगत होता आणि जो सातवा आठवा आला, तो का आला, एवढंच. जुलैपासून पुण्यातला शेवटचा रेस डे होईपर्यंत दर सोमवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर वीस-पंचवीस मिनिटांची व्हॉइस नोट येते, सीझनचे १२०० रुपये. काकांनी सगळं आयुष्य तबेल्यात काढलंय, आधी मोतद्दार म्हणजे घोड्याची देखभाल करणारा म्हणून, नंतर घोड्यांबरोबर मुंबई-पुणे ये-जा करणारा माणूस म्हणून. नाव आणि नंबर नेटवर टाकू नकोस असं त्यांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाहीये.

मी हे का घेतलं ते सांगते. आम्ही वानवडीत राहतो, रेसकोर्स घरापासून चालत जाण्याइतकं, आणि आमच्याकडे रेस म्हणजे बाबा. तीस-पस्तीस वर्षं जातायत. मोठे पैसे कधी लावले नाहीत, पण पावसाळ्यातला रेसचा दिवस शक्यतो चुकवत नाहीत. आणि त्यांचा घोडा हरला की कारण एकच, "ओढला". जॉकीने लगाम खेचून धरला, सेटिंग होतं, वरून निरोप आला होता. मी लहानपणापासून हेच ऐकत आले. गेल्या वर्षी त्यांनी एका टिप्सवाल्या चॅनलचे महिन्याचे १५०० भरले, नाव लिहीत नाही, तिथेही तेच. घोडा लागला की स्क्रीनशॉट आणि फटाक्यांचे इमोजी, हरला की मेसेज डिलीट आणि वर "आज त्याचा दिवस नव्हता" किंवा "गेम झाला". तीन महिने भरले. तीन महिन्यांत घोड्याबद्दल एक वाक्य नाही, तो किती किलोचा, कसा चालतो, घाम किती येतो, श्वास कसा घेतो, काहीच नाही, जणू काही पळणारा जिवंत प्राणी नसून लॉटरीचं तिकीट आहे, आणि मला खरा राग त्याचा आला, पैशांचा नाही.

काकांची पहिली नोट आली ती एका तांबड्या घोड्याबद्दल. जुलैतला रविवार, १२०० मीटरची रेस, हा फेवरिट. सुटला छान, शेवटचे २०० मीटर राहिले तोपर्यंत पुढे, आणि मग कुणीतरी बटण बंद केल्यासारखा थांबला. मागचे पाच-सहा जण बाजूने निघून गेले. स्टँडमध्ये नुसता आरडाओरडा, बाबांनी हातातलं रेसबुक गुंडाळून खिशात कोंबलं आणि त्यांचा तो शब्द उच्चारला. मी पण मान डोलावली, कारण दिसलं तसंच होतं.

सोमवारी काका म्हणतात, "तुम्ही सगळे पोस्टाकडे, रेस संपते त्या खांबाकडे बघत होतात. तो परत येताना कुणी बघितला का? सारखा गिळत होता."

मी व्हॉइस नोट तिथेच थांबवली. कारण मी बघितलं होतं. घोडे परत येत होते तेव्हा आम्ही रेलिंगला होतो, आणि त्या घोड्याच्या गळ्याखाली काहीतरी वर-खाली होतंय हे मला दिसलं होतं, चार पावलं चालला की घोट, पुन्हा चार पावलं की घोट, मोतद्दार त्याच्या तोंडाजवळ टॉवेल धरून चालत होता. मला वाटलं तहान लागली असेल.

तो रक्त गिळत होता. काकांनी जे समजावलं ते मी नंतर वाचून पण बघितलं, आणि बरोबर आहे. भरधाव पळताना घोड्याच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवर इतका दाब येतो की बारीक केशवाहिन्या फुटतात. माणूस शांत बसलेला असताना फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतला सरासरी दाब पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या आसपास असतो, जिवाच्या आकांताने पळणाऱ्या घोड्यात तो १०० च्या घरात जातो. फुटलेलं रक्त श्वासनळीत येतं. नाकपुडीतून बाहेर येताना दिसतं ते फार थोड्या घोड्यांत, बाकीच्यांत ते आतच राहतं आणि घोडा ते गिळत राहतो, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. डॉक्टर रेसनंतर अर्ध्या ते दीड तासात नाकातून दुर्बीण घालतात तेव्हा श्वासनळीत रक्ताची रेघ दिसते. रेसकोर्सवर अशा घोड्याला ब्लीडर म्हणतात. रक्त नाकातून उघड आलं तर रेस क्लबच्या नियमाने त्याला काही दिवस पळवता येत नाही, पण आत राहिलेल्या रक्ताची नोंद दुर्बीण घातल्याशिवाय कुठेच होत नाही. तो घोडा ओढलेला नव्हता हो. त्याला श्वासच घेता येत नव्हता.

ही एक नोट ऐकूनच माझे १२०० वसूल झाले असं मी समजते.

श्वासाबद्दल काका पुन्हा पुन्हा बोलतात, आणि मला पण पूर्ण सीझनमध्ये सगळ्यात जास्त तेच आवडलं. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, फक्त नाकाने, हे मला माहीतच नव्हतं. आणि भरधाव पळताना एक ढांग म्हणजे एक श्वास, पाय आणि फुप्फुस एकाच तालात. एक ढांग साधारण ७ मीटरची धरली तर १२०० मीटरच्या रेसमध्ये त्याला फक्त १७० च्या आसपास श्वास मिळतात. बस, तेवढ्यात सगळं. मग घशात जरा जरी अडथळा आला तर काय होईल? घशाच्या डाव्या बाजूचा स्वरयंत्राचा पडदा कमजोर होतो, आत श्वास घेताना नीट उघडत नाही, त्याला रोअरर म्हणतात, आणि काकांनी चक्क तोंडाने तो आवाज काढून दाखवला, लांबून करवत चालल्यासारखा. दुसरा प्रकार म्हणजे मऊ टाळू जागेवरून सरकून वर येते आणि हवेची वाट अडवते, तेव्हा गुळणी केल्यासारखा खळखळ आवाज येतो आणि घोडा दोन ढांगांत थांबतो. काही घोड्यांची जीभ पट्टीने खालच्या जबड्याला बांधलेली असते ती यासाठी. मला इतकी वर्षं ती पट्टी बघून वाईट वाटायचं, आता निदान कशासाठी ते कळलं.

पावसावर दोन नोट्स होत्या. पुण्याचा सीझनच पावसाळ्यातला, त्यामुळे हे इथे मुंबईपेक्षा जास्त महत्त्वाचं. ट्रॅक किती मऊ आहे ते पेनेट्रोमीटरने मोजतात, जमिनीत रॉड किती खाली जातो त्यावरून आकडा, आकडा जास्त तितकी जमीन मऊ. शनिवारी रात्री एम्प्रेस गार्डनच्या बाजूला धो धो पडला आणि रविवारी ऊन आलं की लोक पावसाचं विसरतात, आकडा विसरत नाही. कडक जमिनीवर छान पळणारा, पाय उंच न उचलता जमिनीला घासून जाणारा घोडा चिखलात प्रत्येक ढांगेला थोडा थोडा ताकदीने कमी होत जातो आणि शेवटच्या वळणानंतर त्याच्याकडे काही उरत नाही. शिवाय आतल्या बाजूचं गवत वाचवायला फॉल्स रेल म्हणजे तात्पुरतं कुंपण लावतात, तेव्हा सगळं गणित बदलतं, आतली जागा कुणाला मिळाली, बाहेरून किती फिरावं लागलं. काका म्हणतात गेट नंबर (घोडा कितव्या खणातून सुटला) आणि रेलचं अंतर न बघता घोड्याला शिव्या देणं म्हणजे पत्ता चुकीचा लिहून पोस्टमनला शिव्या देणं.

रेसच्या आधी काय बघायचं याची एक नोट बाबांनी चार वेळा ऐकली. पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात त्या आवारात, घोडा फिरत असतो तेव्हा मागच्या दोन पायांच्या मध्ये बघा. तिथे साबणासारखा पांढरा फेस दिसतो, कारण घोड्याच्या घामात एक प्रथिन असतं, त्याने फेस येतो. थोडा असला तर काही नाही. पण लगामाखाली मानेवर, खोगिराच्या कडेला, मांड्यांत, सगळीकडे फेस आणि घोडा आडवा-तिडवा चालतोय, मोतद्दाराला ओढतोय, तर त्याची अर्धी रेस तिथेच पळून झाली. ऑगस्टमध्ये एका काळ्या घोड्याचं आम्ही हे डोळ्यांनी बघितलं, मान पूर्ण पांढरी झालेली, आणि तो शेवटून दुसरा आला. आणि याच्या उलट पण वाईट. दमट उकाड्यात काही घोड्यांचा घामच बंद होतो, अंग कोरडं, नाकपुड्या फुगलेल्या, पोट भात्यासारखं चाललेलं. याला ड्राय कोट म्हणतात, आणि थंड देशांतून इकडे आणलेल्या घोड्यांत इंग्रजांच्या काळापासून हे बघितलं गेलंय. अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच नाही, मग तो पळणार कसा.

हृदयाचं पण सांगितलं, ते जरा भरभर सांगते. घोड्याचे ठोके तबेल्यात उभा असताना मिनिटाला ३०-४० आणि रेसमध्ये २२० च्या वर जातात. कधी कधी रेसच्या मध्येच ठोके बेताल होतात, घोडा अचानक मागे पडतो, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर तपासतो तोवर हृदय आपोआप ताळ्यावर आलेलं असतं. म्हणजे कारण होतं आणि गेलं, हातात काही नाही. म्हणून रेस संपल्या संपल्या तिथेच तपासणं महत्त्वाचं. पोटाचं तर वेगळंच, घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास सुटत असतं कारण तो मुळात दिवसभर चरणारा प्राणी आहे, आपण त्याला चंदी (दाणे) भरपूर देतो आणि चारा कमी, वर रोज सकाळी पळवतो, त्यामुळे ट्रेनिंगमधल्या घोड्यांत पोटातले अल्सर खूप जास्त असतात. चंदी अर्धी टाकून देणारा, पट्टा आवळताना कान मागे टाकणारा घोडा नखरे करत नसतो, दुखतंय म्हणून सांगत असतो. घोड्या माजावर असतात त्या दिवसांत काहींचं पळणं बिघडतं, हे पण थोडक्यात आलं. स्नायू आखडणं आलं. नाल सैल होणं आलं.

बाहेरच्या देशातल्या घोड्यांची एक नोट होती गणपतीच्या सुट्टीत, ती जरूर मागून घ्या. सेक्रेटेरिएट हा अमेरिकेतला घोडा, १९७३ मध्ये केंटकी डर्बी या तिथल्या सगळ्यात मानाच्या रेसच्या दोन आठवडे आधी वुड मेमोरियल नावाच्या रेसमध्ये तिसरा आला. सगळे म्हणाले संपला, लांब पल्ला याला झेपत नाही. नंतर कळलं की ओठाच्या आत गळू झालं होतं. लगाम जरा ओढला की ठणका, म्हणून डोकं वर करून पळत होता. गळू बरं झालं, तो डर्बी विक्रमी वेळेत जिंकला, आणि जूनमध्ये बेलमाँटची रेस ३१ लेंग्थने, म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने. ३१! ओठाखालच्या एका गळवाने जगातल्या सगळ्यात मोठ्या घोड्याची किंमत लोकांच्या नजरेत दोन आठवडे शून्य केली होती. २०१४ चा कॅलिफोर्निया क्रोम, बेलमाँटला सुटतानाच शेजारच्या घोड्याचा पाय त्याच्या पुढच्या पायावर पडून टाच कापली, तसाच दीड मैल पळला आणि चौथ्या जागेसाठी बरोबरीत आला, जखम दिसली नंतर.

आणि मग डेव्हन लॉक. १९५६ ची ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधली अडथळ्यांची रेस, इंग्लंडच्या राजमातेचा घोडा, सगळे अडथळे पार करून पुढे, पोस्ट अगदी समोर, आणि मोकळ्या सपाट गवतावर तो एकदम हवेत उडी मारल्यासारखा करून पोटावर पडला. कुणी म्हणालं सावलीला अडथळा समजला, कुणी म्हणालं गोंगाटाने दचकला, कुणी म्हणालं पेटका आला. आजपर्यंत खात्रीने कुणीच सांगू शकलेलं नाही. ही गोष्ट सांगून काका बराच वेळ गप्प बसले, नोटमध्ये नुसता पंख्याचा आवाज, आणि मग म्हणाले, "काही वेळा घोड्यालाच माहीत असतं, आणि तो बोलत नाही."

मला या सर्व्हिसवर विश्वास बसला तो इथेच. दर नोटमध्ये एखादा घोडा असा असतोच की काका म्हणतात याचं मला कळलेलं नाही. पैसे घेऊन "कळलं नाही" म्हणणारा माणूस मी या धंद्यात दुसरा बघितला नाही. इंग्लंडमध्ये स्टुअर्ड (रेसवर नजर ठेवणारे अधिकारी) ट्रेनरला विचारतात तेव्हाही बऱ्याच वेळा हेच उत्तर नोंदवलं जातं, की ट्रेनरला कारण देता आलं नाही. म्हणजे ते उत्तर लाजिरवाणं नाहीये.

ओढण्याबद्दल विचाराल तर, काका ते होतच नाही असं म्हणत नाहीत. त्यासाठीच स्टुअर्ड असतात, रेसचं शूटिंग असतं, चौकशी होते, जॉकी सस्पेंड होतात. पण त्यांचं म्हणणं असं की आधी घोडा बघा, श्वास, पाय, घाम, जमीन, वजन किती वाढलंय, पहिल्या ६०० मीटरला किती जोरात गेला, आणि हे सगळं बघून झाल्यावर काही उरलं तर माणसावर या. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने घोड्यांची रेस हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ असं म्हटलं, ते कौशल्य घोडा बघण्यातच आहे ना. आपण घोडाच बघणार नसू तर मग उरतो तो मटकाच.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. एक, नोट्स खूप लांब आणि त्यात मध्ये मध्ये कुकरच्या शिट्ट्या, कुत्री, दारावर आलेला माणूस. कुठल्या मिनिटाला कुठला घोडा हे लिहून देत नाहीत, मी स्वतः वहीत लिहून ठेवते. दोन, तबेल्यातले शब्द न समजावता वापरतात, खरारा, चंदी कळतं पण बाकी इंग्रजी-हिंदी मिसळलेले शब्द नवीन माणसाला डोक्यावरून जातील. तीन, सप्टेंबरमध्ये एका घोडीबद्दल ठामपणे सांगितलं की पुढच्या पायात दुखणं आहे आणि ती दोन आठवड्यांनी आरामात जिंकली. हे चूकच होतं. पण पुढच्या सोमवारी पहिलं वाक्य तेच होतं, "मी चुकलो, ती त्या दिवशी गेटमध्ये डोकं आपटून घाबरली होती, पाय ठीक होता", आणि मग कसे चुकले ते पाच मिनिटं सांगितलं. चार, मुंबईच्या सीझनचं करत नाहीत, नोव्हेंबर ते एप्रिल पूर्ण शांतता, आणि मी विचारलं तर म्हणाले मी जे डोळ्यांनी बघत नाही ते सांगत नाही. तक्रार म्हणून लिहिली, पण पटतं.

ज्यांना पैसे कमवायचेत त्यांनी घेऊ नका, खरंच. बाबा पहिल्यासारखेच हरतात. थोडे कमी लावतात, कारण पॅडॉकमध्ये फेस बघून दोन-तीन वेळा पैसे लावायच्या खिडकीवरून परत आले, पण तेवढंच.

तो तांबडा घोडा ऑक्टोबरमध्ये परत पळाला. मधले आठवडे विश्रांती, हळू वर्क म्हणजे सराव, असं कळलं होतं. चौथा आला. बाबांचे पैसे पुन्हा गेले, आणि ते रेस संपल्यावर स्टँडमध्ये बसायचं सोडून रेलिंगला गेले आणि मोबाइल वर धरून त्याच्या गळ्याचा व्हिडिओ काढत बसले, आजूबाजूचे लोक बघतायत याची पर्वा न करता. घोडा चालत होता, मान खाली, नाकपुड्या मोठ्या, टॉवेल मोतद्दाराच्या खांद्यावर कोरडा. गळा हलला नाही. व्हिडिओ काकांना पाठवला, पाच मिनिटांनी उत्तर आलं, "स्वच्छ आहे. पाणी पाजायला सांगा."

पैसे जूनमध्ये एकदाच घेतात, मधे कुणाला घेत नाहीत. रविवारी पॅडॉकच्या रेलिंगपाशी, खाली वाकून घोड्यांचे पाय बघत उभे असलेले खादीची टोपीवाले काका दिसले तर तेच. प्रश्न विचारायचा असेल तर घोडा परत येतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, त्याशिवाय उत्तर देत नाहीत. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कुकरच्या शिट्ट्यांसाठी कापला.